शेफील्डची राजबंदिनी आणि तिचा यजमान

सातारा,
दि. १४ नोव्हेंबर

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

शेफील्डच्या टेकडीवरील त्या पडक्या वाड्याचे आणि शेजारच्या टरेट हाउसचे तू पाठवलेले छायाचित्र मी मोठे करकरून पाहिले. त्याखाली तू लिहिले होतेस की, स्कॉटलंडच्या मेरी राणीला या मुक्कामी दोन वाढणींत प्रत्येकी सोळा पदार्थ मिळत, डोक्यावर राजचिन्हांचे छत असे, दिमतीला स्वतःचे नोकर, चिटणीस आणि घोडे असत, तेव्हा ही कैद कसली, हा तर पाहुणचार झाला. फोनवर उत्तर दिले असते तर ते अर्धेच राहिले असते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आयुष्याची एकतीस वर्षे लेखा विभागात देयके तपासण्यात गेल्यामुळे, कोणाचाही पाहुणचार वाचला की त्याचा खर्च कोणाच्या नावे पडला हे आधी शोधण्याची खोड मला लागली आहे. या प्रकरणाची गुरुकिल्ली मला तिथेच सापडली.

१५६८ च्या मे महिन्यात लँगसाइडची लढाई हरल्यावर मेरी एका लहान नावेतून सॉल्वेची खाडी ओलांडून इंग्लंडात उतरली, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. इंग्लंडची प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथ ही मेरीच्या वडिलांची मामेबहीण, म्हणजे आपल्या हिशेबाने आत्याच. पण दोघींच्या वयात नऊच वर्षांचे अंतर, त्यामुळे पत्रांत त्या एकमेकींना बहीण म्हणत. बहिणीने सैन्य देऊन आपले राज्य परत मिळवून द्यावे, एवढीच मेरीची अपेक्षा होती. एलिझाबेथची अडचण वेगळी होती. मेरी कॅथलिक होती आणि इंग्लंडच्या गादीवरही तिचा हक्क पोहोचत होता, म्हणून तिला फ्रान्सला जाऊ देणे धोक्याचे होते. स्कॉटलंडला परत पाठवावे तर तेथे तिच्या तान्ह्या मुलाच्या नावाने कारभार करणारे सरदार बसलेले. आणि अभिषिक्त राणीवर खटला भरावा तर उद्या तोच दाखला आपल्यावर उलटायचा. त्यामुळे तिला अतिथीही म्हटले गेले नाही आणि कैदीही ठरवले गेले नाही. मधल्या अवस्थेत ठेवून द्यायचे, एवढेच ठरले, आणि ही मधली अवस्था पुढे एकोणीस वर्षे चालली. सोळा पदार्थ आणि राजछत हे त्या मधल्या अवस्थेतून आलेले आहे, कोणाच्या औदार्यातून नव्हे.

आता प्रश्न उरला ठेवायचे कोणाकडे. श्रूजबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट हा राज्यातल्या गडगंज उमरावांपैकी एक, निष्ठावंत प्रोटेस्टंट, आणि त्याचे वाडे लंडन, समुद्रकिनारा व स्कॉटलंड या तिन्हींपासून दूर, इंग्लंडच्या पोटात. १५६९ च्या फेब्रुवारीत मेरीला टटबरीच्या ओलसर, दुर्गंधीच्या किल्ल्यात त्याच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे विंगफील्ड, चॅट्सवर्थ असे मुक्काम होत होत १५७० च्या नोव्हेंबरात ती तुझ्या शेफील्डला आली आणि मधल्या फेऱ्या सोडल्या तर १५८४ पर्यंत तिथेच राहिली. शेफ आणि डॉन या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि तू पाहिलास तो टेकडीवरचा वाडा, या दोन जागांमध्ये तिला आलटूनपालटून हलवत असत. त्याचे कारण मोठे राजकीय असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात कारण साफसफाईचे होते. एवढी माणसे महिनोन्‌महिने एका वास्तूत राहिली की शौचकूप आणि खोल्या स्वच्छ करण्यासाठी सगळा सरंजाम बाहेर काढावाच लागे. किल्ला पुढच्या शतकातील यादवी युद्धानंतर पाडला गेला, म्हणून तुला तो कुठे दिसला नाही.

खर्चाचे असे होते. मेरी स्वतःच्या नोकरांचे पगार फ्रान्सच्या राजाची विधवा म्हणून तिथून मिळणाऱ्या उत्पन्नातून देत असे. पण तिच्या आणि तिच्या माणसांच्या अन्नपाण्यासाठी अर्लला सरकारातून आठवड्याला ५२ पौंड भत्ता ठरला होता. प्रत्यक्ष खर्च त्याहून पुष्कळ अधिक होत असल्याची त्याची सततची तक्रार होती. त्यातच १५७५ मध्ये भत्ता कमी करून ३० पौंडांवर आणला गेला. तोही वेळेवर मिळेना. पहारेकरी, त्यांचे जेवण, सरपण, दारू, मोडलेली भांडी, सारे अर्लच्या खिशातून जाई, आणि मेरीचे राणीपण कायम असल्यामुळे ताटातला एक पदार्थही कमी करण्याची त्याला सोय नव्हती. तो एलिझाबेथचा प्रमुख मंत्री बर्ली याला आणि खुद्द तिला पत्रावर पत्र लिहीत राहिला. आमच्या कार्यालयात अशा पत्रांवर ‘पाहून सादर करावे’ असा शेरा पडत असे. एलिझाबेथच्या दरबारी त्याऐवजी गोड शब्द मिळत. आपले शाहू महाराज येसूबाईंसह १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या छावणीत नजरकैदेत राहिले, पण ती छावणी बादशहाची होती आणि खर्चही बादशहाचाच होता. इथे कैद राणीची आणि कर्ज सरदाराचे, असा उफराटा व्यवहार होता.

पैसा तरी कुठून तरी उभा करता येतो. खरी किंमत त्याच्या घराने मोजली. बंदिनी सांभाळायची म्हणजे घरात पाहुणा येता कामा नये, परवानगीशिवाय दरबारात जाता कामा नये, स्वतःच्या मुलांनीसुद्धा फार दिवस राहिल्यास संशय. त्याचा मुलगा गिल्बर्ट याची बायको १५७५ मध्ये शेफील्डलाच बाळंत झाली, तेव्हा त्या निमित्ताने परकी माणसे घरात शिरली म्हणून एलिझाबेथ नाराज झाली. अर्लने बर्लीला खुलासा लिहिला तो असा, की सुईण सोडून कोणीही आत आले नाही, आणि ये-जा टाळण्यासाठी मी स्वतः माझ्या दोन मुलांना घेऊन बाळाचा बाप्तिस्मा उरकला. मृणाल, तुझ्या बारशाला आपल्या दोन खोल्यांत सत्तर माणसे होती. चार-पाच मोठाले वाडे असलेल्या उमरावाला नातवाच्या नामकरणाला चारचौघे बोलावता आले नाहीत, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले. याच गिल्बर्टने १५७३ मध्ये दरबारी सांगितले होते की, खिडक्यांखाली, खोलीच्या वर आणि चारी बाजूंनी रात्रंदिवस हत्यारबंद पहारा आहे, तिने पिसवाचे किंवा उंदराचे रूप घेतल्याशिवाय ती सुटणे शक्य नाही.

आणि मेरी आत काय करीत होती, तर भरतकाम करीत होती. अर्लची बायको बेस, हार्डविकची, चौथ्या लग्नाने अर्लच्या घरी आलेली अतिशय कर्तबगार बाई. सुरुवातीची वर्षे ती आणि मेरी एकत्र बसून भरतकाम करीत. त्यातला एक तुकडा फार प्रसिद्ध आहे, तांबूस मांजर आणि करडा उंदीर. मांजराचे चित्र छापील ग्रंथावरून उतरवलेले आहे, त्यात उंदीर मात्र मेरीने आपल्या मनाने घातला. आणि एलिझाबेथचे केस तांबडे होते. हा अर्थ आपण नंतर लावतो हे मला मान्य आहे, पण लावल्यावाचून राहवत नाही. त्याच राणीसाठी तिने १५७४ मध्ये किरमिजी साटीनचा घागरा चांदीच्या जरीने भरून पाठवला, आणि तिकडे फ्रान्सहून लहान कुत्री मागवताना ती टोपलीत घालून उबेत पाठवावीत अशी आठवणही लिहिली. उरलेला वेळ गुप्त लिपीतील पत्रांत जाई. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इटलीविषयक कागद म्हणून नोंदलेली पन्नासहून अधिक पत्रे तिची असल्याचे २०२३ मध्ये तीन अभ्यासकांनी लिपी उकलून दाखवले. १५७८ ते १५८४ मधली ही पत्रे आहेत; म्हणजे तू उभी होतीस त्या टेकडीवर आणि खालच्या किल्ल्यात, अर्लच्या नाकासमोर लिहिलेली. इतका खर्च आणि इतका पहारा करूनही कागद बाहेर जात होतेच.

मेरी आणि अर्ल, दोघांचीही प्रकृती ढासळली. तिला कुशीतले दुखणे आणि सांधेदुखी, त्याला संधिवात. उपाय म्हणून दोघेही बक्स्टनच्या उष्ण झऱ्यांवर जात, तिथे अर्लने मुद्दाम घर बांधून घेतले होते. मेरीच्या पायातली शक्ती जाण्यामागे व्यायामाचा अभाव मोठा होता. पूर्वी दिवसभर घोड्यावर असणारी उंचीपुरी बाई, तिला आता फिरायलाही परवानगी आणि पहारेकरी लागत.

१५७४ मध्ये बेसने आपली मुलगी मेरीच्या धाकट्या दिराला, इंग्लंडच्या गादीवर हक्क पोहोचणाऱ्या चार्ल्स स्ट्युअर्टला, परस्पर देऊन टाकली आणि एलिझाबेथचा रोष नवऱ्यावर ओढवून घेतला. पुढे मालमत्तेवरून दोघांचे फाटले, ते इतके की अर्लचे आणि मेरीचे संबंध असल्याच्या कंड्या पिकल्या, आणि १५८४ मध्ये बेसला व तिच्या मुलांना प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळापुढे, त्या खोट्या असल्याचे सांगावे लागले. त्याच वर्षी अर्ल या जबाबदारीतून सुटला. पंधरा वर्षे झाली होती. मेरीला मात्र पुढे एमिअस पॉलेटसारखा कडवा रखवालदार मिळाला. त्याने पहिल्या काही दिवसांतच तिचे राजछत खाली उतरवायला लावले. पाहुणचार म्हणजे काय आणि कैद म्हणजे काय, यातला फरक तिला बहुधा त्या दिवशी नीट कळला असेल.

एलिझाबेथला मारून मेरीला गादीवर बसवण्याच्या बॅबिंग्टनच्या कटानंतर ८ फेब्रुवारी १५८७ रोजी फोदरिंगे येथे तिचा शिरच्छेद झाला, आणि त्या वेळी अर्ल मार्शल या उच्च राजपदाच्या नात्याने मंचावर हजर राहण्याची पाळी कोणावर आली, तर याच श्रूजबरीवर. ज्या बाईला पंधरा वर्षे जेवू घातले, तिच्या शेवटाचा साक्षीदार म्हणूनही त्यालाच उभे केले. तीन वर्षांनी, १५९० मध्ये, तोही गेला.

त्याची कबर तुझ्या गावच्या कॅथीड्रलमध्ये आहे. ती त्याने जिवंतपणीच बांधवून घेतली होती, आणि तिच्यावरच्या लॅटिन लेखात मेरीच्या रखवालीचा उल्लेख आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे जाशील तेव्हा त्या लेखाचे एक स्पष्ट छायाचित्र काढून पाठव, पण माझ्या फोनवर नको, मोठ्या आकारात ई-मेलने पाठव. मला अक्षर न्‌ अक्षर पाहायचे आहे. जाताना हातमोजे घालून जा, बाबांनी तीनदा सांगितले आहे.

तुझी,
आई