एक्स-रेवर चौकट नाही म्हणजे हाड शाबूत, असे नव्हे

महोदय,

अपघात विभागात एक्स-रेवर संशयित फ्रॅक्चरभोवती चौकट आखून दाखवणारे एआय आले की रेडिऑलॉजिस्टची (एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरची) उणीव भरून निघेल, असा सूर हल्ली सारखा ऐकू येतो. आरोग्यसेवेत काय वापरावे याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये 'टेककेअर अलर्ट', 'रेव्हॉल्व्ह', 'बोनव्ह्यू' आणि 'आरबीफ्रॅक्चर' या अशा चार एआय प्रणालींना तिथल्या तातडीच्या उपचार केंद्रांत मुभा दिली खरी. पण पुरावा गोळा करत राहण्याच्या अटीवर, आणि प्रत्येक एक्स-रे माणसाने वाचायचाच हे गृहीत धरून.

मदत होते, यात शंका नाही. 'रेडिऑलॉजी' नियतकालिकातल्या २०२२ च्या एका अभ्यासात एक्स-रे वाचणाऱ्या २४ वैद्यकीय व्यावसायिकांनी ४८० रुग्णांचे एक्स-रे तपासले. नुसत्या नजरेने त्यांना फ्रॅक्चर असलेल्यांपैकी ६४.८ टक्के रुग्ण ओळखता आले, एआयच्या साथीने ७५.२ टक्के. म्हणजे साथ असूनही चारांतला एक निसटलाच.

का निसटतो? प्रणालीला फक्त चित्र दिसते, कुठे दाबल्यावर रुग्ण कळवळतो ते दिसत नाही. हात टेकून पडलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर स्कॅफॉइड हे मनगटातले छोटे हाड मोडलेले असू शकते, आणि पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ती भेग अनेकदा उमटतच नाही. स्क्रीनवर चौकट आली नाही म्हणून त्याला घरी पाठवले, तर रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याचा धोका असतो. अशा वेळी स्प्लिंट लावून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे, किंवा सोय असेल तर लगेच एमआरआय, हाच मार्ग. पडल्यावर पाय टेकवत नसलेल्या वृद्धांच्या खुब्याचेही तसेच. तिथे सीटी किंवा एमआरआय टाळू नये. उंचावरून पडलेल्या मजुराच्या टाचेवर चौकट बरोबर येईल, पण अशा पडण्यात कणाही मोडलेला असू शकतो, त्याचाही एक्स-रे काढा, हे ती सांगणार नाही.

उलट चूकही होते. मुलांच्या वाढपट्ट्या (हाडाच्या टोकाजवळचा वाढता, कूर्चेचा भाग), जुने जुळलेले फ्रॅक्चर, हाडात शिरणाऱ्या रक्तवाहिनीची रेघ यांवर खोट्या चौकटी येतात.

आपल्याकडे गाडे बहुधा एक्स-रे काढण्यापाशीच अडते. एकाच कोनातून काढलेला एक्स-रे (एकच व्ह्यू), तिरका धरलेला हात, व्ह्यू बॉक्सवरच्या (दिव्याच्या पेटीवरच्या) फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो. या प्रणाली यंत्रातून थेट निघणाऱ्या मूळ डिजिटल चित्रासाठी (डायकॉम फाइलसाठी) घडवलेल्या असतात. फोटोत बारीक भेग पुसली गेली की कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. म्हणून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत खरेदी करायचीच असेल, तर आधी डिजिटल यंत्र, काटकोनातले दोन व्ह्यू आणि तंत्रज्ञाचे प्रशिक्षण यांवर पैसा खर्च व्हावा.

वापरताना क्रम पाळावा, असा आमचा आग्रह आहे. डॉक्टरांनी आधी तपासावे, एक्स-रे वाचून आपले मत केसपेपरवर लिहावे, मगच एआयचा निकाल उघडावा. निकाल आधी दिसला की नजर चौकटीपाशीच थांबते. मते जुळली नाहीत तर रुग्णाला आधार-पट्टी बांधून अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. रेडिऑलॉजिस्टचा अहवाल, टेलिरेडिऑलॉजीने (चित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवून) का होईना, २४ तासांत यावा, आणि फ्रॅक्चर निसटल्याचे त्यात दिसले तर रुग्णाला फोन करून परत कोण बोलावणार, हे ड्युटी तक्त्यात नावानिशी लिहिलेले असावे.

– आपत्कालीन विभागातील काही डॉक्टर, पुणे