खडकी महापालिकेत जाईल, तिचे कागद कुठे जातील?

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

खडकी-पुणे कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत विलीन करायची चर्चा बाजारात पानाच्या टपरीपर्यंत पोचली आहे. पाणी येईल का, घरपट्टी किती वाढेल, एवढंच सगळे विचारतात. माझी काळजी जरा वेगळी आहे, कागदांची.

खडकी हे गाव लढाईतून मोठं झालं. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचं घोडदळ इथल्या दलदलीत अडकलं, दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत राहिला आणि बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. जिंकलेली फौज मग इथेच राहिली. फौजेमागे लाइन्स, म्हणजे शिपायांच्या बराकी, आल्या, बाजार आला, 1869 मध्ये दारूगोळा कारखाना आला. पुण्याचा वारसा म्हटलं की आपण वाड्यांपाशी थांबतो. खडकीचा बाजार त्यात कुणी धरतच नाही, आणि मला तरी ते पटत नाही.

या वस्तीचा खरा इतिहास जीएलआरमध्ये आहे, म्हणजे छावणीच्या जमीन नोंदवहीत. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, जमिनीचा वर्ग, कब्जेदार असे तिचे रकाने. 'बी-3' लिहिलेलं असलं की समजायचं, घर तुमचं, जमिनीची मालकी मात्र सरकारची. ओल्ड ग्रँटचे, म्हणजे जुन्या काळी जमीन फक्त वापरायला देऊन बांधू दिलेले बंगले याच वर्गातले. लष्कराला हवी तेव्हा जागा रिकामी करून घेता यावी, ही कंपनी सरकारच्या काळातली सोय. इंग्रज गेले, सोय राहिली. इथल्या माणसाला घर विकायचं किंवा वारसाचं नाव लावायचं म्हटलं की आजही तीच आडवी येते.

हस्तांतरणाच्या गडबडीत अशा वह्या आणि जुने नकाशे गठ्ठे बांधून कुठल्या तरी गोदामात पडतात, हे सरकारी कारभार पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. पेशव्यांची दफ्तरं इंग्रजांनी जिंकल्यावरही जपली म्हणून आज पुण्यात पेशवे दफ्तर हे जुन्या कागदांचं सरकारी अभिलेखागार आहे. शत्रूने जेवढं केलं तेवढं आपण आपल्याच छावणीसाठी करायला हरकत नसावी.

तेव्हा विलीनीकरणाच्या आदेशातच एक कलम घाला. जीएलआर, बंगल्यांच्या फायली आणि नकाशे यांच्या प्रती आधी काढून पेशवे दफ्तरात ठेवाव्यात आणि त्या कुणालाही पाहता याव्यात. लष्करी जागांचे नकाशे वगळा, त्याला आमची ना नाही. बाकीचे मात्र नागरी भाग महापालिकेच्या ताब्यात जाण्याआधीच तिथे पोचायला हवेत.

आपला,
खडकी बाजारातील एक रहिवासी