हॉल बुक करताना मागचा दरवाजा पण उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात आता सेमिनार, ट्रेनिंग, वार्षिक सभा याला हॉल भाड्याने घेणं नेहमीचंच झालंय. हॉटेलवाले वरच्या मजल्यावर कॉन्फरन्स हॉल काढतात, मंगल कार्यालयं पण लग्नाची तिथी नसेल तेव्हा कार्यक्रमाला देतात, चांगलंच आहे, सोय होते. पण बुकिंगला गेल्यावर बोलणं कशावर होतं बघा, भाडं किती, डिपॉझिट किती, एसी आहे का, प्रोजेक्टर आहे का, केटरर बाहेरचा चालेल का. आग लागली किंवा कुणाला शॉक बसला तर माणसं बाहेर कशी काढायची हे ना आपण विचारतो ना ते सांगतात.

मी पतसंस्थेत काम करते आणि स्टाफच्या ट्रेनिंगसाठी हॉल ठरवायचं काम माझ्याकडे असतं. मध्ये असाच एक वरच्या मजल्यावरचा हॉल बघायला गेले होते, हॉल एकदम चकाचक, खाली कार्पेट, नवीन एसी. स्टेजच्या बाजूला दुसरा दरवाजा होता पण त्याच्यासमोर डोक्याइतक्या उंच खुर्च्या रचलेल्या आणि पलीकडं चॅनल गेटला कुलूप. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, बाहेरची पोरं जेवायला घुसतात ओ, म्हणून बंद ठेवतो, किल्ली वॉचमनकडं असते." वॉचमन कुठाय विचारलं तर तो चहाला गेलेला! भिंतीवरच्या फायर एक्स्टिंग्विशरचा काटा लाल पट्ट्यात होता आणि टॅगवरची तारीख पुसून गेलेली. मी तो हॉल घेतला नाही. पण त्याच आठवड्यात तिथं दुसऱ्या कुणाचा तरी कार्यक्रम होता, त्या माणसांचं काय?

1997 साली दिल्लीच्या उपहार थिएटरात 59 जण गेले, त्यातले बहुतेक धुरात गुदमरून, कारण बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या आणि जास्तीच्या खुर्च्यांनी अडलेल्या होत्या. लांबचं कशाला, 2025 च्या मे महिन्यात आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जणांचा जीव गेला, ते दुःख या गावानं बघितलंय.

कायदा नाही असं पण नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे, त्याप्रमाणे मालकाने दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सधारक एजन्सीकडून तपासणी करून सगळी यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. मग बुकिंगच्या वेळी त्याची झेरॉक्स मागितली तर तोंड वाकडं करायचं कारण काय? आणि कागद दाखवला तरी एकदा हॉल फिरून बघायलाच पाहिजे, कारण जानेवारीत कागद झाला आणि मार्चमध्ये दारापुढं खुर्च्या रचल्या तर कागदाचा उपयोग काय.

बघायला फार वेळ लागत नाही. दरवाजे बाहेरच्या बाजूला आणि आतून किल्लीशिवाय उघडतात का ते स्वतः ढकलून बघायचं. पावडरवाल्या एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात पाहिजे, सीओटूवाल्याला काटा नसतो, त्याचं वजन करावं लागतं म्हणून त्याची तपासणीची तारीख विचारायची. मेन लाईट बंद करायला सांगून इमर्जन्सी लाईट लागतात का बघायचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये पाण्याचे लोखंडी कुलर लावतात, वायर मॅटखालून नेलेली असते, खाली पाणी सांडलेलं असतं, हे सगळ्यात डेंजर वाटतं मला. तिथं बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, पाहिजे आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर खटका खाली पडला पाहिजे, नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे. केटररचे सिलिंडर जिन्यात किंवा पॅसेजमध्ये नकोत, जनरेटरचा धूर हॉलच्या खिडकीकडं नको.

आयोजकांनी पण खरा आकडा सांगायला पाहिजे, 200 चा हॉल घेऊन 350 माणसं बोलवायची आणि मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या हे आपलीच माणसं करतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी माइकवरून बाहेर जायच्या वाटा सांगायला एक मिनिट लागतं, पाहुण्यांच्या सत्कारात अर्धा तास जातो की.

माझी मागणी हॉलमालकांकडे आणि महापालिकेकडे आहे. भाड्याच्या करारात डेकोरेटरची वायरिंग कोण तपासणार आणि मागचा दरवाजा कार्यक्रमभर उघडा ठेवायला माणूस कोण देणार, हे नावानिशी लिहा. हॉलची क्षमता आणि फॉर्म बी ची शेवटची तारीख दारावर मराठीत मोठ्या अक्षरात लावा. आणि महापालिकेने फॉर्म बी दिलेल्या हॉलची यादी वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, वेबसाईटवर टाकावी, म्हणजे बुकिंगचा ॲडव्हान्स देण्याआधी आमच्यासारख्यांना ती बघता येईल.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर