स्टेरॉइडची गोळी आणि जुनी चिठ्ठी : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कान-नाक-घसा तज्ज्ञांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या रुग्णांना पुन्हा पुन्हा परस्पर मिळत असल्याबाबत.

महोदय,

मी तालुक्याच्या गावी औषधाचे दुकान चालवणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. नाक चोंदल्याने आणि शिंकांनी हैराण झालेला रुग्ण गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला तुकडा काउंटरवर ठेवतो आणि "हीच द्या, मागच्या वेळी दोन दिवसांत नाक मोकळं झालं होतं" असे सांगतो. तुकड्यावर औषधाचे नाव अर्धेच उरलेले असते आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेली असते. ती गोळी प्रेडनिसोलोनची किंवा डेफ्लाझाकोर्टची, म्हणजे स्टेरॉइडची आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याच्या लेखी ती सर्दीची गोळी असते.

माझा आक्षेप औषधावर नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होते, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांच्या आत वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, पण दिवसाला ६० मिलिग्रॅमहून अधिक नाही, अशा मात्रेत प्रेडनिसोलोन सुरू करणे हा मान्य उपचार आहे. बेल्स पाल्सीने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर हेच औषध ७२ तासांच्या आत मिळावे लागते. नाकातल्या पॉलिपसाठीही, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या मऊ गाठींसाठीही, नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेच्या जोडीला वर्षातून एखाददुसरा छोटा कोर्स देता येतो, असे २०२० ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ॲलर्जीच्या साध्या सर्दीला मात्र बहुतेकदा स्प्रे पुरेसा असतो. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, तो महाग पडतो आणि नीट कसा मारायचा हे समजावण्यात डॉक्टरांचा वेळ जातो. म्हणून चिठ्ठीवर गोळी येते. तज्ज्ञांनी पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी पुढे प्रत्येक सर्दीला घेतली जाते, आणि खरा धोका इथे आहे.

या गोळीने रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. ती बराच काळ घेतली, तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे मंदावते आणि मग अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेक एकत्र आले की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत पाहिले आहे. त्या वेळी रुग्णांचे सडलेले सायनस साफ करणारे शल्यचिकित्सक कान-नाक-घसा तज्ज्ञच होते, त्यामुळे हा धोका त्यांना वेगळा सांगण्याची गरज नाही.

कायदाही आहे. ही औषधे १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची एच मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येतात. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही, आणि औषध देताना दुकानाचे नाव, पत्ता व तारीख त्या चिठ्ठीवरच नोंदवावी लागते, असे नियम ६५ सांगतो. ही नोंद असलेली चिठ्ठी माझ्या काउंटरवर क्वचितच येते. मी औषध नाकारले की रुग्ण शेजारच्या दुकानातून तेच घेऊन जातो. हे व्यवसायबंधूंना बोचेल, तरी लिहिणे भाग आहे.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा. औषध निरीक्षकांना दुकानतपासणीत ही नोंद प्रत्यक्ष पाहण्याचे आदेश द्यावेत. तोंडावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा समावेश अनुसूची एच-१ मध्ये करावा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी, म्हणजे २०१४ पासून काही प्रतिजैविकांसाठी ठेवतो तशी, तीन वर्षे जपायची वेगळी नोंदवही याही गोळ्यांसाठी ठेवावी लागेल. इंग्लंडमध्ये २०२० पासून स्टेरॉइड घेणाऱ्या काही रुग्णांना, हा रुग्ण स्टेरॉइडवर आहे हे तातडीच्या वेळी डॉक्टरांना कळावे म्हणून, आपत्कालीन कार्ड दिले जाते. तसे मराठी कार्ड आरोग्य विभागाच्या मदतीने छापावे. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमार्फत डॉक्टरांना कळवावे, की चिठ्ठीवर मराठीत 'स्टेरॉइड' हा शब्द, किती दिवस घ्यायचे आणि कसे बंद करायचे हे लिहावे, आणि त्याआधी मधुमेहाची चौकशी करावी.

नोंदवहीत एक ओळ लिहायला दोन मिनिटे पुरतात, तेव्हा कान अचानक गेलेल्या रुग्णाचा उपचार यामुळे लांबणार नाही. निरीक्षकांना द्यायच्या आदेशासाठी केंद्राची वाट पाहावी लागत नाही, म्हणून तो आधी निघावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट