विषय : संपर्क-कोन मापकाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचे आकडे उलटे, आणि वर आमच्याच पाण्याला दोष

प्रति,
सेवा विभागप्रमुख

महोदय,

सॉफ्टवेअर अपडेट झाल्यापासून थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन मोजणाऱ्या तुमच्या यंत्रातल्या द्रवांच्या यादीत पाण्याच्या पृष्ठताणाच्या दोन घटकांची अदलाबदल झाली आहे. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलीन्यूटन प्रति मीटर. त्यात डिस्पर्सिव्ह (सगळ्याच रेणूंमधल्या क्षीण ओढीचा भाग) २१.८, पोलर (ध्रुवीय रेणूंच्या ओढीचा भाग) ५१.०. तुमच्या यादीत डिस्पर्सिव्ह ५१.० आणि पोलर २१.८ आहे. बेरीज तेवढीच भरते, म्हणून अपडेट सोडताना कुणाच्या नजरेत आलं नसावं. यादीला कुलूप आहे आणि पासवर्ड तुमच्याकडे.

याने काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण सेवा केंद्रावर ती पडली, म्हणून लिहितो. कोरोना केलेल्या (शाई धरावी म्हणून विजेच्या झोताने पृष्ठभाग सक्रिय केलेल्या) बीओपीपी या पॅकिंगच्या प्लास्टिक फिल्मवर पाण्याचा कोन ६५ अंश, डायआयोडोमिथेन या जवळपास पूर्ण डिस्पर्सिव्ह द्रवाचा ५२. ओडब्ल्यूआरके पद्धतीने, म्हणजे दोन द्रवांच्या कोनांवरून रेषा काढून, कॅल्क्युलेटरवर काढलं तर पोलर घटक १२.२ आणि एकूण पृष्ठऊर्जा ४५.३ येते. तुमचा स्क्रीन पोलर ५.२, एकूण ३८.४ दाखवतो. त्याच फिल्मवर ४२ ची डाइन शाई (ठरावीक पृष्ठताणाची चाचणी-शाई) दोन सेकंद फुटत नाही, म्हणजे फिल्म ३८ ची नाही, निदान ४२ ची आहे. स्क्रीनवर विश्वास ठेवणारा ऑपरेटर कोरोनाची पॉवर वाढवणार. कोरोना जास्त झाला की पृष्ठभागावर कमी रेणुभाराचा ऑक्सिडाइज्ड थर साचतो, रोलमध्ये फिल्म फिल्मला चिकटते, हीट सील कच्चं होतं आणि छपाईची शाई त्या थरासकट उचलली जाते. रोल परत येणार आमच्याकडे, तुमच्याकडे नाही.

टेफ्लॉनच्या पट्टीवर तर कहरच. पाणी ११०, डायआयोडोमिथेन ७८. पोलर घटक ०.३ यायला हवा, तुमचं सॉफ्टवेअर २.१ देतं. आलेख उघडून पाहा: रेषा चक्क खाली उतरते, उतार उणे १.४५. पोलर घटक म्हणजे उताराचा वर्ग, आणि वर्ग केला की उणे चिन्ह गायब. उणे उतार आला की लाल खूण दाखवावी, एवढीही तपासणी आत नाही. उत्तर बिनदिक्कत हिरव्या चौकटीत.

आता कालचा फोन. वरचे सगळे आकडे ऐकून तुमच्या तज्ज्ञांचा पहिला प्रश्न : ‘सर, पाणी कुठलं वापरता? मराठवाड्यात पाणी खारं असतं ना, टँकरचं वगैरे?’ डीआयोनाइज्ड आहे, आणि त्याच पाण्याचा सुईला लटकता थेंब तुमच्याच यंत्रावर २५ अंशांना ७२.० पृष्ठताण, म्हणजे शुद्ध पाण्याइतकाच, देतो, असं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग : ‘एकदा बाटलीबंद पाणी वापरून बघा.’ बाटलीबंद पाण्यात क्षार असतात, साहेब. आणि क्षारांनी पृष्ठताण किंचित वाढतो. तो पाडतात साबण, तेल आणि सुईला लागलेलं बोट. शिवाय आम्ही नाल्याचं पाणी भरलं तरी यादीतला ५१.० हलणार आहे का? यादी पाण्याची चव घेत नाही. पुढे ‘तिकडं ऊन फार, थेंब वाळत असेल’ हेही झालं. खोली २५ अंशांवर, थेंब ३ मायक्रोलिटरचा, कोन पहिल्या काही सेकंदांतच घेतलेला. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून ‘तिकीट क्लोज करतो, रेटिंग द्या’.

रेटिंग हे पत्र समजावं.

जाता जाता : नव्या आवृत्तीत कोन काढताना थेंबाच्या कडेला वर्तुळाचा फिट आपोआप लागतो. डायआयोडोमिथेनची घनता ३.३, पृष्ठताण ५०.८, हा थेंब पाण्यापेक्षा फार लवकर चपटा होतो. मोठ्या थेंबाला वर्तुळ बसवलं की कोन चुकतो. तिथे यंग-लाप्लास (वजनाने चपटा झालेला आकार धरणारा फिट) हवा, आणि तो तुमच्याच मेनूत तीन पायऱ्या खाली गाडलेला आहे.

खेद याचा की यंत्र चांगलं आहे. कॅमेरा स्वच्छ, सिरिंज पंप नेमका, जुन्या आवृत्तीत यादी आम्हाला दुरुस्त करता यायची. ती कुलूपबंद का केली, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. आमच्या दुरुस्तीला कुलूप, तुमच्या चुकीला मोकळं रान!

मागणी : यादी दुरुस्त करा किंवा उघडून द्या, आणि अपडेटनंतरचे सगळे अहवाल चुकीचे आहेत असं लेखी द्या, ऑडिटमध्ये ते आम्हाला दाखवावं लागणार आहे. तोवर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) पुढचा हप्ता निघणार नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात फिल्म आणि कोटिंगवाले एकमेकांना विचारूनच यंत्रं घेतात. आम्हाला विचारलं तर वरचे आकडे जसेच्या तसे सांगू.

इंजिनीअर पाठवणार असाल तर पासवर्ड देऊन पाठवा. पाणी आमच्याकडं आहे.

गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळा,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर

सोबत : दोन्ही नमुन्यांचे थेंबांचे फोटो, उणे उताराचा आलेख, यादीचा स्क्रीनशॉट