वेग छापलात, कोपर कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर नुकतीच एका बेसबॉल निवड शिबिराची बातमी वाचली. नववीतल्या एका मुलाने रडार गनवर ताशी 112 किलोमीटरचा वेग काढला, म्हणून 'मेजर लीगच्या वाटेवर' असा मथळा. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलची सगळ्यांत वरची व्यावसायिक लीग. सोबत फोटो, तोही मुलाचा कमी आणि मशीनवरच्या आकड्याचा जास्त. मुलाचा जन्म कधीचा, उंची किती, त्या दिवशी त्याने किती चेंडू टाकले, त्यातले किती प्लेटवरून (फलंदाज उभा असतो तिथल्या पाटावरून) गेले, यातलं काहीही बातमीत नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतले एक पालक दारात हजर. "मॅडम, ती गन कुठं मिळती हो? आमच्या बाळ्याचा वेग बघायचाय." बाळ्या सहावीत आहे.

मिरजेत एका माध्यमिक शाळेवर क्रीडाशिक्षिका म्हणून माझी नोकरी झाली. कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळले. निवृत्त झाले तरी शालेय बेसबॉलला पंच म्हणून अजून बोलावणं येतं आणि मी कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, मागे उभी राहते. तिथून चेंडू कसा येतोय ते कळतं आणि टाकणाऱ्याचं कोपर कुठं आहे तेही. बातमी वाचून राग आला तो कोपरामुळेच, पण आधी वेगाचं बोलते.

चौदा वर्षांच्या पोराला 112 हा चांगलाच वेग आहे, नाही म्हणत नाही. पण मेजर लीगमधला रोजचा फास्टबॉल 150 च्या आसपास असतो. पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, पट्टी ते फलंदाजाजवळची होम प्लेट हे अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे फलंदाजाला जेमतेम 0.4 सेकंद मिळतात. तरीही तिथले फलंदाज नुसता सरळ वेग ठोकून काढतात. चेंडू वळला, ऐनवेळी खाली बसला किंवा त्याच हाताच्या झोक्यातून हळू आला, तरच ते फसतात. आमच्याकडे सरळ जोरात टाकलेला चेंडू कुणाच्याच बॅटला लागत नाही, कारण समोरच्या संघाने बॅट हातात घेतलेली असते ती स्पर्धेच्या आधल्या आठवड्यात. मग स्कोअरशीटवर एकाखाली एक स्ट्राइकआउट (तीन चेंडू हुकले की बाद) पडतात, पोरगं हवेत आणि त्याचे सर त्याच्याही वर.

अमेरिकेतले स्काउट, म्हणजे संघांसाठी नवे खेळाडू हुडकणारे, 20 ते 80 या मापात गुण देतात. 50 म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. फलंदाजाचं बघायचं असेल तर बॅटला चेंडू लागणं, फटक्यातली ताकद, पळणं, क्षेत्ररक्षण आणि फेकीचा हात. पिचरचं असेल तर त्याचा एकेक चेंडू आणि त्यावरचा ताबा. प्रत्येकापुढे आकडे दोन, आज किती आणि अंगात भरल्यावर किती होईल. शाळकरी पोराला आजच्या रकान्यात 20 नाहीतर 30 पडले तरी कुणाला वाईट वाटत नाही. स्काउटचं पोट दुसऱ्या रकान्यावर चालतं. तो आकडा टाकायच्या आधी तो खांद्याची ठेवण बघतो, हाताचे पंजे बघतो, आईवडील किती उंच आहेत ते बघतो. हात दर वेळी एकाच जागेवरून सुटतो का, हे बघतो. दणकून फटका बसल्यावर पुढचा चेंडू हे पोरगं कसा टाकतं, हे तर हमखास. गन त्याच्याकडेही असते, पण एकाच पोराला तो वेगवेगळ्या मैदानांवर, जिंकताना आणि हरताना पुन्हापुन्हा बघतो आणि मग लिहितो.

आपल्याच जिल्ह्यात खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंड घेणारा माणूस आधी तोंड उघडून दातांवरून वय बघतो, आदत (दुधाचे दात असलेला) आहे की दुसा (दोन पक्के दात आलेला). मग खूर, मग चाल. एकदा पळताना बघून पैसे मोजणाऱ्याला अख्खा बाजार हसतो. पोरांचे दात मात्र कुणी बघत नाही.

चौदा वर्षांखालील गटात दोन मुलं शेजारी उभी राहतात. एकाला मिसरूड फुटलंय, दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नाही. दोघांचेही दाखले खरे असू शकतात. पहिल्याचा वेग जास्त येणारच. त्याचं अंग आधी भरलं, याहून जास्त काही गन सांगत नाही. अमेरिकेत पोरांच्या लीगमध्ये वयोगटाची रेषा वर्षानुवर्षं 31 जुलैला होती. पुढे मेजर लीगमध्ये बघितलं तर जुलैत जन्मलेल्या अमेरिकन खेळाडूंपेक्षा ऑगस्टात जन्मलेले ठळकपणे जास्त निघाले. ऑगस्टातलं पोरगं गटात सगळ्यांत थोरलं, म्हणून लवकर नजरेत भरलं, त्यालाच जास्त खेळायला मिळालं, आणि हुशारही तेच ठरलं. जुलैतली किती चांगली पोरं बाकावर बसून कंटाळून घरी गेली असतील, त्याचा हिशोब कुठल्या वहीत सापडायचा?

आणि दाखलाच खोटा असेल तर बोलायलाच नको. 2001 च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये डॅनी अल्मोंटे नावाच्या पोराने बारा वर्षांच्या मुलांत परफेक्ट गेम टाकला, एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नाही. देशभर नाव झालं. मग निघालं की तो चौदा वर्षांचा आहे. संघाचे विजय रद्द झाले आणि मेजर लीगपर्यंत तो कधीच पोचला नाही. आमच्या पिढीत तर गुरुजी शाळेत नाव घालताना सरळ 1 जून टाकून मोकळे व्हायचे. आता सगळ्यांकडे जन्मदाखले आहेत, पण चाचणीच्या दिवशी दाखले टेबलाखालच्या फाइलमध्ये आणि गन टेबलावर.

मेजर लीगमध्ये 30 संघ, प्रत्येकी 26 खेळाडू, म्हणजे जागा 780. नुसत्या वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, 20 फेऱ्यांत सहाशेच्या आसपास पोरं घेतात. डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातली सोळाव्या वर्षी करार होणारी वेगळीच. जन्म या पारखीत घातलेली माणसंही इथं तोंडघशी पडतात. 1991 मध्ये ब्रायन टेलर हा पिचर सगळ्यांत पहिला निवडला गेला, साडेपंधरा लाख डॉलर देऊन. एका मारामारीत खांदा गेला आणि मेजर लीगचा एकही सामना त्याच्या नावावर लागला नाही. माइक पियाझाला 1988 मध्ये 62व्या फेरीत, 1390 वा म्हणून घेतला, तोही वडिलांच्या ओळखीखातर. 2016 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. होसे अल्तुवे साडेपाच फुटी. व्हेनेझुएलात चाचणीला गेला तेव्हा, वय खोटं सांगतोयस, घरी जा, म्हणून त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जन्मदाखला घेऊन हजर! करार झाला 15,000 डॉलरला आणि 2017 मध्ये तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

गन घेऊन पोरं शोधायचा प्रयोग आपल्या देशातही झालेला आहे. 2008 मध्ये वेग आणि अचूकता बघून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघेही भालाफेकपटू, बेसबॉल आधी कधी खेळलेले नव्हते. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या संघाने त्यांना करारबद्ध केलं, आणि एवढ्या कमी वेळात त्यांनी जे शिकून दाखवलं त्याचं मला कौतुकच आहे. पण दिनेश दोन वर्षांत परत आला. रिंकू चिकाटीने मेजरच्या खालच्या मायनर लीगच्या 'ए' पायरीपर्यंत चढला, मग कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि आज लोक त्याला ओळखतात ते कुस्तीच्या रिंगणातला वीर महान म्हणून. मेजर लीग दोघांनाही लाभली नाही. त्यांच्यावर सिनेमासुद्धा निघाला, पण आपल्या बातमीत त्यांचा उल्लेखही नव्हता.

सांगलीकर लगेच म्हणतील, आपली स्मृती मानधना नवव्या वर्षीच राज्याच्या 15 वर्षांखालील संघात होती की! होती. ती बॅट फिरवताना दिसली म्हणून होती, आणि अशी एखादीच.

आता कोपर. आमच्याकडे स्पर्धा एका दिवसात उरकायची पद्धत आहे. सकाळी एक सामना, दुपारी उपांत्य, ऊन कलता कलता अंतिम, आणि पिचर तिन्हीकडे तोच. मागे एका अंतिम सामन्यात मी प्लेटवर होते. तिसऱ्या इनिंगनंतर त्या पोराचं कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरायला लागलं. चेंडू वरवर राहू लागले. दोन चेंडूंच्या मध्ये तो हात खाली सोडून हलवायचा आणि ग्लोव्ह काखेत धरून कोपराची आतली बाजू अंगठ्याने दाबायचा. मी खेळ थांबवून त्याच्या सरांना बोलावलं. सर म्हणाले, "मॅडम, फायनल आहे, एवढी मॅच काढू दे की त्याला." काढली त्याने. जिंकलेही. पुढच्या हंगामात ते पोरगं पहिल्या बेसवर उभं होतं आणि पिचरकडे चेंडू खालून टाकत होतं.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड वाढत असतं, तिथली कूर्चा अजून कच्ची असते आणि जोराच्या प्रत्येक फेकीला ती ओढली जाते. म्हणून मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये नियमावली काढली. 13-14 वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त 95 चेंडू टाकायचे, आणि 66 किंवा जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. आमचं पोरगं तीन सामन्यांत किती टाकतं, हे कुणीच मोजत नाही. पंचाच्या हातातल्या इंडिकेटरवर बॉल, स्ट्राइक, आउट असतात, एकूण चेंडू नसतात. मी गणपती मंदिराबाहेर मिळतं ते बोटात घालायचं जपाचं मशीन घेतलंय आणि दुसऱ्या हाताने त्यावर मोजते. सुरुवातीला पोरं हसली. आता इनिंग संपली की स्वतःच विचारतात, "मॅडम, किती झाले?"

जाता जाता, कवठेमहांकाळकडचा एक बुटका कॅचर सांगते. हात यथातथाच. पण प्रत्येक फलंदाज आला की हा बोटाने शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला) दोन पावलं इकडे-तिकडे सरकवायचा, मागच्या वेळी त्याने कुठं मारलं होतं ते लक्षात ठेवून. पिचर चिडला की चेंडू मुद्दाम हळू परत द्यायचा. मेजर लीग सोडा, पण राज्याच्या संघात मी त्याला डोळे झाकून घेतला असता. निवड यादीत नाव नव्हतं.

तर विनंती एवढीच. पुन्हा अशी बातमी छापाल तेव्हा वेगासोबत मुलाचा जन्ममहिना, टाकलेले चेंडू आणि त्यातले स्ट्राइक हेही छापा, आणि तो मुलगा सतरा वर्षांचा झाला की पुन्हा एकदा त्याच्याकडे बातमीदार पाठवा. आयोजकांनी अंतिम सामना निदान दुसऱ्या दिवसावर ढकलावा आणि चेंडूंची मर्यादा आधी जाहीर करावी. टेबलावर बसून मोजायला आमच्या शाळेच्या दोन माजी खेळाडू मुली तयार आहेत, त्यांना फक्त खुर्ची द्या. आणि मर्यादा झाली असं त्यांनी सांगितलं की अंतिम सामना असला तरी पिचर बदला.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, मिरज (जि. सांगली)