निकाल कायद्यावर की खंडपीठावर? केंद्रीय विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी माझ्या निवृत्तिवेतनाच्या अपिलाला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा तारीख पडली. अकरावी की बारावी, ते मोजणे मी सोडले आहे. तारखांचे दुःख जुने झाले. नवे दुःख असे की, मला धीर देताना वकीलसाहेबांनी कायद्याचा शब्दही काढला नाही. "काका, बेंच बदलले ते बरेच झाले, आधीचे साहेब सरकारकडे झुकणारे होते," एवढेच ते म्हणाले. बत्तीस वर्षे मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवले. त्या पुस्तकात हे वाक्य नव्हते.

हा एका वकिलाचा अंदाज आहे, असे आपण म्हणाल. मग आमच्या घरचे ऐका. आणीबाणीत माझे वडील मिसाखाली, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली, येरवड्यात होते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की, अशा स्थानबद्धतेविरुद्ध दादच मागता येणार नाही. त्या चौघांत आमच्याच पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकलेले यशवंत विष्णु चंद्रचूड होते, याची खंत वडिलांना शेवटपर्यंत होती. एकट्याने विरोधी मत देणाऱ्या न्या. हंसराज खन्ना यांना पुढच्याच जानेवारीत डावलून सरन्यायाधीशपद न्या. बेग यांना दिले गेले. तो निकाल चूक होता, हे न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केले. तोवर वडील राहिले नव्हते.

तेव्हा सरकार काँग्रेसचे होते, हे मला ठाऊक आहे. परंतु 12 जानेवारी 2018 रोजी महत्त्वाचे खटले निवडक खंडपीठांकडे सोपवले जातात अशी जाहीर तक्रार चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी केली, तेव्हा सरकार कोणाचे होते? त्या चौघांपैकी न्या. रंजन गोगोई सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत नियुक्त झाले. सर्वोच्च न्यायालयाचेच दुसरे एक न्या. अब्दुल नझीर यांची तर निवृत्तीनंतर सहा आठवड्यांच्या आतच राज्यपालपदी नियुक्ती झाली. माझ्या निवृत्तिवेतनाची फाईल तेवढ्या वेळात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नव्हती. निवृत्तीनंतरच्या पदाची आस आधीच्या निकालांवर परिणाम करते, असे भाजपचे अरुण जेटली यांनी 2012 मध्ये, राज्यसभेतील विरोधी पक्षनेते असताना, बजावले होते. विरोधी बाकावरून हे बहुधा अधिक स्पष्ट दिसत असावे.

शिवाय निकाल न देणे हादेखील एक निकालच असतो. राजकीय पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याची 2018 ची निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरायला फेब्रुवारी 2024 उजाडला. मधली लोकसभा निवडणूक त्याच रोख्यांवर लढवून झाली. आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणुका चार महिन्यांत घ्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मे 2025 मध्ये आला. तोवर वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार आम्ही प्रशासक नावाच्या अदृश्य पुरुषाकडे करत होतो. या देशात घाई फक्त सत्तेला असते आणि धीर फक्त नागरिकाने धरायचा असतो.

न्यायमूर्तींना विचारसरणी नसावी, असे मी म्हणत नाही. ती कोणाला नसते? ती बक्षिसाला पात्र ठरू नये, एवढेच मागणे आहे. निवृत्तीनंतर किमान तीन वर्षे सरकारी पद नको, असा कायदा आणा, आणि न्यायवृंदाने, म्हणजे न्यायाधीश निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने (कॉलेजियमने), पाठवलेली नावे सोयीनुसार दाबून ठेवू नका.

मागील पत्राची पोच अद्याप आलेली नाही. या पत्राची तरी धाडावी.

आपला,
सदाशिव पेठेतील एक सेवानिवृत्त शिक्षक